लोआर २१०: नमुना उत्तीर्ण झाला, मालिका का नापास झाली?

वैमानिक अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच नौदलासाठी तयार झालेल्या ‘लोआर २१०’ या लढाऊ जलविमानाचा नमुना १९३५ मध्ये उडाला, स्पर्धेत निवडला गेला, आणि तरीही मालिकेतली, म्हणजे नमुन्यावरून कारखान्यात बनवलेली, विमाने १९३९ मध्ये तीन महिन्यांच्या आत सेवेतून काढून घ्यावी लागली, कारण त्यांचे पंख हवेत निकामी होत होते. मग नमुन्याच्या चाचण्यांत हा दोष दिसला कसा नाही? आणि पंख मजबूत करून ही विमाने वापरता आली नसती का?

माझी सगळी नोकरी विमानाच्या सांगाड्याच्या तपासणीत गेली आणि तिचा मोठा भाग नौदलाच्या विमानांवर गेला, त्यामुळे उत्तर साहजिकच पंखापासून सुरू करावेसे वाटते. पण पंखापर्यंत पोहोचण्याआधी हे विमान कोणत्या मागणीतून जन्मले ते पाहणे भाग आहे, कारण माझ्या मते या गोष्टीतला अर्धा दोष मागणीपत्रातच होता.

जलविमान ही मुळात फ्रान्सचीच चीज आहे. २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र याने मार्सेयजवळच्या बेर सरोवरावरून स्वतःच्या शक्तीने उडणारे पहिले जलविमान हवेत नेले. १९२० च्या दशकात मात्र फ्रेंच नौदलाची अडचण वेगळी होती. नौदलांच्या आकारावर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार फ्रान्सला विमानवाहू जहाजांसाठी साठ हजार टनांची मुभा मिळाली होती, पण प्रत्यक्षात हाती होते ते एकच, ‘बेआर्न’, आणि तेही अर्धवट राहिलेल्या युद्धनौकेच्या सांगाड्यावर उभे केलेले. त्याचा वेग एकवीस नॉटच्या आसपास, म्हणजे वेगवान ताफ्याबरोबर ते धावू शकत नव्हते. त्यामुळे ताफ्याला स्वतःचे हवाई संरक्षण हवे असेल तर युद्धनौका आणि क्रूझर यांच्यावरच्या कॅटापुल्टवरून, म्हणजे विमान झटक्याने हवेत फेकणाऱ्या यंत्रावरून, फेकता येईल असे लढाऊ विमान असावे, हा विचार पुढे आला. त्याच्या जोडीला ‘कोमांदां तेस्त’ हे जलविमानवाहू जहाज होते. १९२० मध्ये बेआर्नवर फ्रान्सचे पहिले विमान उतरवणाऱ्या आणि १९२५ मध्ये अपघातात मरण पावलेल्या पॉल तेस्त या नौदल अधिकाऱ्याचे नाव त्याला दिलेले होते. या जहाजावर चार कॅटापुल्ट आणि पाच क्रेन होत्या आणि सव्वीस जलविमाने राहू शकत होती.

१९३३ मध्ये नौदलाने मागणी काढली: एका वैमानिकाचे, कॅटापुल्टवरून सुटणारे, समुद्रावर उतरणारे लढाऊ विमान. या एका वाक्यात किती परस्परविरोधी अटी बसल्या आहेत ते पाहा. लढाऊ विमानाला वेग हवा, म्हणजे पंख लहान आणि अंग सडसडीत हवे. समुद्रावर उतरणाऱ्या विमानाचा उतरतानाचा वेग कमी हवा, म्हणजे पंख मोठे हवेत. पाण्यावर तरंगायचे म्हणजे पोटाखाली फ्लोट, म्हणजे होडीसारखा पोकळ तरंगा, हवा, आणि फ्लोट हा हवेत निव्वळ भार आहे. जहाजावर ठेवायचे म्हणजे पंख दुमडता यायला हवेत, आणि जिथे पंख दुमडतो तिथे बिजागरी येते. कॅटापुल्टने फेकायचे म्हणजे ते सगळे जोडकाम एका झटक्यात पुढे ढकलले जाणार. विमान बांधणाऱ्याला यातली कोणतीही अट मोडण्याची मुभा नव्हती.

या मागणीला चार कंपन्यांनी विमाने उभी केली. बेर्नार कंपनीचे एच ११० हे एकपंखी विमान होते. पोतेझने ४५३ हे छोटे उडते होडके बनवले, ज्यात धड हेच तरंगण्याचे साधन होते आणि इंजिन पंखाच्या वर बसवलेले होते. कान येथील एत्येन रोमानोने आर ९० हे दुपंखी विमान दिले. चौथे विमान सां-नाझेर येथील लोआर कंपनीचे होते. ही कंपनी मुळात जहाजबांधणीच्या कारखान्याची विमानशाखा होती, म्हणजे पाण्याचे गणित तिथे घरचेच होते.

लोआरने शहाणपणाचा, किंवा त्या वेळी शहाणपणाचा वाटणारा मार्ग घेतला. त्यांच्याकडे लोआर ४६ हे चाकांचे लढाऊ विमान तयार होत होते आणि सप्टेंबर १९३४ मध्ये ते उडाले होते. त्या विमानाच्या धडाचा आधार घेऊन त्यांनी जलविमान उभे केले. पण लोआर ४६ चा पंख धडाच्या वरच्या अंगाला, समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा वाकवलेला होता, आणि तो इथे चालण्यासारखा नव्हता. म्हणून २१० ला खालच्या बाजूने जोडलेला, घडी घालता येणारा नवा पंख दिला. धडाखाली एक मोठा मध्यवर्ती फ्लोट आणि पंखांखाली दोन लहान तोल-फ्लोट बसवले. नाकावर इस्पानो-सुइझाचे ९ व्हीबीएस हे ७२० अश्वशक्तीचे नऊ सिलिंडरचे इंजिन होते. नाव फ्रेंच असले तरी या घराण्याचे मूळ अमेरिकन राइट सायक्लोनचे होते, कारण ही इंजिने परवान्यावर बनत होती. हे सगळे सांगण्याचे कारण एकच: धड जुन्या घरचे होते, पंख नवा होता. पुढे जे तुटले ते नवे होते.

२१ मार्च १९३५ रोजी सां-नाझेर येथे नमुन्याने पहिले उड्डाण केले. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मे १९३५ च्या अखेरीस, जर्मनीत मेसरश्मिट १०९ चा पहिला नमुना उडाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये हरिकेन आणि मार्च १९३६ मध्ये स्पिटफायर उडाले. एकाच वर्षभरात जन्मलेली ही भावंडे आहेत, आणि त्यांतल्या तिघांचे पुढे काय झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता फ्लोटकडे थोडे जवळून पाहू, कारण वेगाचा हिशेब तिथेच अडकतो. जलविमानाच्या फ्लोटांचा आकार ठरवताना अभियंते साधारणपणे असा नियम पाळतात की सगळे फ्लोट पूर्ण बुडाले तर त्यांनी विमानाच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट पाणी बाजूला सारले पाहिजे. लाटा, गळती आणि उतरतानाचा धक्का यांसाठी ही राखीव तरणशक्ती असते. लोआर २१० चे भरलेले वजन सुमारे २,१०० किलो होते. १.८ ने गुणले तर जवळजवळ ३,८०० लिटर होतात. म्हणजे इमारतीच्या गच्चीवर असते तशा हजार लिटरच्या जवळपास चार टाक्या एकामागे एक ठेवून, त्यांना नाक आणि शेपूट देऊन, त्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली खांबांनी बांधायच्या आणि मग वैमानिकाला सांगायचे की शत्रूला गाठ.

फ्लोटचा तळ बोटीसारखा गुळगुळीत नसतो. मध्यावर त्याला एक पायरी असते. पाण्यावर विमान वेग घेऊ लागले की आधी ते नांगरासारखे पाणी फाडत जाते, या अवस्थेत पाण्याचा अडथळा सर्वांत जास्त असतो. मग पायरीपाशी पाणी तळापासून सुटते, फ्लोट पाण्याच्या पृष्ठभागावर सरकू लागतो, आणि तिथून पुढे विमान चटकन सुटते. ही पायरी नसेल तर पाणी शेपटीकडून फ्लोटला चिकटून ओढत राहते. पण पाण्यावर जी पायरी विमानाला सोडवते तीच हवेत वावटळी निर्माण करून त्याला मागे ओढते. शिवाय फ्लोट गुरुत्वमध्याच्या खाली असल्याने त्याचा अवरोध नाक खाली दाबतो, आणि त्याचा पुढचा भाग गुरुत्वमध्याच्या पुढे आल्याने विमान सरळ रेषेत राहायला कुरकुरते, म्हणून शेपटीचा उभा पृष्ठभाग मोठा ठेवावा लागतो. प्रत्येक उपाय आणखी थोडे वजन आणि आणखी थोडा अवरोध घेऊन येतो.

परिणाम आकड्यांत असा दिसतो: लोआर २१० चा कमाल वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होता. पंखाचे क्षेत्रफळ २०.३ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०३ किलो भार. तो बेताचा भार आहे, पाण्यावर हळू उतरण्यासाठी तसा तो हवाच होता. कॉकपिट उघडे होते. १९३३ च्या मागणीचा विचार केला तर यात काही चूक नाही. त्या वर्षी समुद्रावर टेहळणी करणारी बहुतेक विमाने याहून हळू होती आणि त्यांचा पाठलाग करायला असे विमान पुरले असते.

वेग वाढवणे किती महाग आहे हे मी विद्यार्थ्यांना नेहमी साध्या गुणाकाराने दाखवतो. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. ताशी ३०० वरून ४०० वर जायचे, तर बाकी सगळे तसेच ठेवून चार भागिले तीन याचा घन, म्हणजे सुमारे २.४ पट शक्ती हवी. ७२० ला २.४ ने गुणले की १,७०० अश्वशक्ती होते. १९३५ च्या फ्रान्समध्ये लढाऊ विमानाच्या नाकावर बसवता येईल असे इतक्या शक्तीचे इंजिन नव्हते. फ्लोट काढून टाकणे हाच खरा उपाय होता, आणि तो काढला की विमान मागणीत बसत नव्हते.

नमुन्याने पहिली भरारी घेतल्यानंतर पहिल्या चाचण्यांत सुचलेल्या दुरुस्त्या झाल्या, आणि १९३६ च्या उन्हाळ्यात भूमध्य किनाऱ्यावरच्या सां-राफाएल येथील नौदलाच्या चाचणी केंद्रात अधिकृत तपासणी सुरू झाली. याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या पॉप्युलर फ्रंट या डाव्या आघाडीच्या सरकारने युद्धसामग्रीच्या कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. लोआर आणि तिच्याशी जोडलेली न्यूपोर कंपनी यांचे कारखाने पश्चिम विभागाच्या सरकारी विमाननिर्मिती संस्थेत विलीन झाले. राष्ट्रीयीकरण चांगले की वाईट या वादात मला पडायचे नाही, पण कारखान्याची मालकी, हिशेब, आराखडे आणि वरिष्ठ एकाच वेळी बदलत असताना वीस विमानांची छोटी मागणी कोणाच्याही टेबलावर सर्वांत वर राहत नाही, हे मी स्वतः नोकरीत पाहिले आहे. स्पर्धेतली इतर विमानेही मागे पडत गेली आणि लोआर निवडले गेले. मार्च १९३७ मध्ये वीस विमानांची मागणी नोंदवली गेली. मालिकेतले पहिले विमान नोव्हेंबर १९३८ मध्ये उडाले.

त्याच नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्याच सां-नाझेर गावात, ‘जोफ्र’ या नव्या विमानवाहू जहाजाचा पाया घातला गेला. ते पुढे कधीच पुरे झाले नाही, पण नौदलाचे मन कोठे वळले होते ते यावरून कळते. एका गोदीत चाकांच्या विमानांसाठी धावपट्टीचे जहाज उभे राहू लागले होते आणि जवळच्याच कारखान्यातून धावपट्टीची गरजच पडू नये म्हणून मागवलेले लढाऊ विमान बाहेर पडत होते.

ऑगस्ट १९३९ मध्ये विमाने हाती येऊ लागली. एचसी १ आणि एचसी २ या दोन तुकड्यांसाठी ती होती. नमुन्यासाठी दोन मशीनगन धरल्या होत्या, मालिकेच्या पंखांत ७.५ मिलिमीटरच्या चार दार्न मशीनगन बसल्या. आणि मग तीन महिन्यांच्या आत पाच विमाने पंखाचा सांगाडा निकामी झाल्यामुळे गेली. २२ नोव्हेंबर १९३९ रोजी उरलेली सगळी जमिनीवर बसवण्यात आली. वीसपैकी पाच म्हणजे पंचवीस टक्के, आणि त्यात शत्रूचा काहीही हात नव्हता.

आता प्रश्नाचा पहिला भाग: नमुन्यात हे का दिसले नाही?

नमुना विमान ही एका विशिष्ट प्रश्नाची तपासणी असते. यंत्र उडते का, मागितलेला वेग देते का, पाण्यावरून सुटते का, वैमानिकाच्या हाताला सुसह्य आहे का, एवढे ते दाखवते. ते चालवणारे चाचणी-वैमानिक अनुभवी असतात, विमानाच्या मर्यादा ओळखून उडवतात, आणि त्याची देखभाल ज्यांनी ते बांधले तेच मेकॅनिक करतात. मालिकेतले विमान वेगळ्याच हातांत जाते. तरुण वैमानिक त्याला लढाईच्या सरावात सूर मारायला लावतात, वेग मर्यादेपर्यंत नेतात आणि मग जोराने वर खेचतात. सुरातून सहा पटींच्या जोराने विमान वर घेतले तर २,१०० किलोच्या विमानाचे दोन्ही पंख मिळून साडेबारा टनांहून जास्त उचल सोसतात. प्रत्येक पंखाच्या मुळाशी, म्हणजे धडाच्या जोडापाशी आणि घडीच्या बिजागरीपाशी, या सगळ्याचा वाकवणारा ताण एकवटतो.

पंखाच्या ताकदीची त्या काळची सर्वमान्य चाचणी अशी होती की पंख उलटा टांगायचा आणि त्यावर वाळूच्या पिशव्या किंवा शिशाचे वजन हिशेबाने रचत जायचे, तो वाकेल, कुरकुरेल आणि शेवटी मोडेल तोवर. ही चाचणी वाकण्याचे बळ चांगले सांगते. पण पंख केवळ वाकत नाही, तो पिळलाही जातो. वेगाने सूर मारताना पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडांवरचे दाब इतके वेगळे असतात की तो ओल्या पंच्यासारखा पिळू पाहतो, आणि पिळाला विरोध करणारा पंखाचा कडकपणा कमी असेल तर एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीच्या, हालचालीबरोबर तो थरथरू लागतो. ही थरथर एकदा स्वतःला पोसू लागली की काही सेकंदांत सांगाडा फाटतो. वाळूच्या पिशव्या हे दाखवत नाहीत, कारण पिशव्या थरथरत नाहीत.

पिळाला कडक राहण्यासाठी पंखाची पेटी बंद असावी लागते. चपलेचे पुठ्ठ्याचे खोके झाकणासह हातात घेऊन पिळून पाहा आणि मग झाकण काढून तेच करा, म्हणजे फरक लगेच कळतो. मशीनगन बसवायची म्हणजे पंखात पोकळी करायची, काडतुसांच्या पेटीसाठी दार ठेवायचे, वरच्या पत्र्यात झडप कापायची. दोनऐवजी चार मशीनगन म्हणजे हे सगळे दुप्पट. घडीचा पंख म्हणजे ती पेटी मुळापाशी एकदा संपून पुन्हा सुरू होते आणि मधला सगळा भार काही पिना आणि कान यांवर येतो. विक्रांतवरच्या अलिझे या पाणबुडीविरोधी विमानांचे पंख वर दुमडलेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही बिजागरी केवढी भरभक्कम करावी लागते ते आठवेल. आणि अलिझे हे पन्नासच्या दशकातले विमान, म्हणजे घडीच्या पंखांचा वीस वर्षांचा अनुभव पचवून केलेले.

घडीच्या पंखाची सकाळची तपासणी हे माझ्या आवडीचे काम होते, म्हणून चार ओळी लिहितो. पंख उघडून कुलूपबंद केल्यावर एक माणूस टोकाला धरून हलकेच वर-खाली करतो आणि दुसरा बिजागरीवर हाताचा अंगठा टेकवून उभा राहतो. पिन भोकात नीट बसलेली असेल तर अंगठ्याला काहीच कळत नाही. भोक थोडे जरी लंबगोल झाले असेल तर प्रत्येक फेरीला एक बारीक टक् जाणवते, कानाला ऐकू येण्याआधी बोटाला. रिव्हेटांच्या भोवती काळसर रेघ आली असेल तर पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासत आहेत असे समजायचे, आणि तिच्यावर पांढरी पूड असेल तर खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खायला सुरुवात केली आहे. हे सगळे आज यादीत लिहिलेले असते. ही यादी अपघातांतून तयार झाली आहे, आणि १९३९ मध्ये ती फार तोकडी होती.

तीन महिन्यांत पाच विमाने गेली यावरून माझा कल असा आहे की हे थकव्याचे, म्हणजे वारंवार ताण पडून हळूहळू वाढणाऱ्या तड्यांचे प्रकरण नसावे. थकव्याला उड्डाणाचे तास लागतात आणि नवी विमाने इतक्या थोड्या दिवसांत तेवढे तास जमवत नाहीत. असे एकामागून एक अपघात होतात तेव्हा बहुधा ताकद किंवा कडकपणा मुळातच कमी पडलेला असतो. नमुना एक असतो आणि तो सावधपणे उडवला जातो, म्हणून तो सुटतो. वीस विमाने लढाईच्या सरावाला निघाली की तीच उणीव आठवड्या-आठवड्याला हिशेब मागते. यात कॅटापुल्टचाही विचार करायला हवा. समजा वीस मीटरच्या रुळावर विमान शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला न्यायचे, तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे दुप्पट येते. ते पंखाला वर नव्हे तर मागे ओढते, म्हणजे ज्या दिशेने पंखाचा जोड सर्वांत कमी भार धरून आखलेला असतो त्या दिशेने.

दुसरा भाग: पंख मजबूत करून विमाने वाचवता आली असती का?

तांत्रिकदृष्ट्या बहुधा आली असती. स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला, पट्ट्या लावणे, मुळापाशी पत्रा जाड करणे, झडपांच्या कडांना चौकट देणे, एलेरॉनला पुढे वजन लावून समतोल करणे, ही कामे तेव्हाही माहीत होती आणि अशी दुरुस्ती करून वाचवलेली विमाने इतिहासात भरपूर आहेत. प्रश्न एवढाच होता की पंधरा विमाने वाचवून ती कोणासमोर उभी करायची. नोव्हेंबर १९३९ मध्ये मेसरश्मिट १०९ ताशी ५५० किलोमीटरच्या पुढे उडत होते. इटलीचे सावोया-मार्केत्ती ७९ हे बॉम्बफेकी विमान ताशी सुमारे ४३० किलोमीटरने जात होते, म्हणजे ज्याला अडवायचे तेच अडवणाऱ्याला आरामात मागे टाकत होते. आणि हे विमान १९३४ मध्येच, लोआर २१० च्या नमुन्याच्या आधी, उडाले होते. सर्वांत बोचरी तुलना जर्मनीच्या आराडो १९६ शी होते. ते दोन माणसांचे, कॅटापुल्टवरून सुटणारे टेहळणीचे जलविमान होते, लढाऊ नव्हते. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ३१० किलोमीटर होता. म्हणजे फ्रेंचांचे लढाऊ जलविमान जर्मनांच्या टेहळणीच्या जलविमानालासुद्धा धरू शकले नसते.

शिवाय एकदा सुटल्यावर परतीचा प्रश्न होताच. लढाई झाल्यावर वैमानिकाने जहाजाजवळ समुद्रावर उतरायचे, जहाजाने वेग कमी करायचा किंवा थांबायचे, आणि क्रेनचा हूक विमानाला लावायचा. दोन किंवा तीन माणसांच्या जलविमानात निरीक्षक पंखावर चढून हे करतो आणि वैमानिक विमान सांभाळतो. एकट्याच्या विमानात वैमानिकाला इंजिन बंद करून, डोलत्या विमानात उभे राहून, डोक्यावर झुलणारा लोखंडी हूक स्वतःच पकडावा लागतो. पाणबुड्यांच्या समुद्रात कोणत्या कप्तानाने यासाठी युद्धनौका थांबवली असती?

याच कंपनीच्या लोआर १३० शी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. तेही कॅटापुल्टवरचे जलविमान होते, नोव्हेंबर १९३४ मध्ये म्हणजे फक्त चार महिने आधी उडाले, आणि वेगाने तर २१० हून कितीतरी मंद होते. पण त्याचे काम टेहळणीचे होते, त्याला हवेत बराच वेळ राहायचे होते, शत्रूला पळून गाठायचे नव्हते. ते शंभराहून अधिक संख्येने बनले आणि महायुद्ध संपल्यानंतरही सेवेत राहिले. लातेकोएर २९८ हे टॉर्पेडो टाकणारे जलविमान मे १९३६ मध्ये उडाले, वेग ताशी २९० किलोमीटर, आणि तेही युद्धभर कामाला आले. मंद असणे हा या दोघांचा दोष ठरला नाही, कारण त्यांना कोणी लढाऊ म्हटले नव्हते.

फ्लोटवाल्या लढाऊ विमानाची कल्पना मात्र १९३९ मध्ये मेली नाही. जपानने १९४१ च्या अखेरीस झीरो विमानाला मध्यवर्ती फ्लोट लावून ए६एम२-एन तयार केले आणि तीनशेहून अधिक बांधले. ज्या बेटांवर धावपट्टी नव्हती तिथे त्याने काही काळ काम केले. चाकांचे झीरो ताशी सुमारे ५३० किलोमीटर जात असे, फ्लोटवाले सुमारे ४३५. फ्लोटची किंमत ताशी जवळपास शंभर किलोमीटर, आणि तीही अतिशय कुशलतेने केलेल्या आराखड्यात. कावानिशीने तर मुळापासून जलविमान म्हणून ‘क्योफू’ हे लढाऊ विमान घडवले, आणि शेवटी त्याचाच फ्लोट काढून, चाके लावून ‘शिदेन’ बनवले. ते युद्धाच्या अखेरीच्या चांगल्या जपानी लढाऊ विमानांत गणले जाते.

फ्रेंच नौदलाने पंधरा विमानांची दुरुस्ती हाती घेतली नाही. १९४० मध्ये त्याच्या लढाऊ तुकड्या पोतेझ ६३१ आणि ब्लॉक १५१ या जमिनीवरून उडणाऱ्या, चाकांच्या विमानांवर लढल्या. त्यांचीही दशा फार चांगली नव्हती, पण निदान त्यांच्या पोटाखाली चार टाक्या बांधलेल्या नव्हत्या. तुमच्या प्रकल्पात तुम्ही पंखाच्या ताणाचे गणित करणार असाल तर जरूर करा, मात्र त्याच्या शेजारी १९३९ च्या विमानांच्या वेगांचा एक तक्ताही ठेवा. पंखाला पट्टी लावून पंख सुधारला असता, वेग ताशी ३०० च राहिला असता.